बिनदाराचं रक्त

१२ ऑगस्ट २००५

माझं रक्त जुळत नाही! कोणाशीच नाही!

आज ओरोसला जिल्हा रुग्णालयात गेलो होतो, हे आणि मी. चौथा महिना लागलाय. माझ्या पहिल्या बाळंतपणात, आरोहीच्या वेळी, मला रक्ताची एक पिशवी लावावी लागली होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, या खेपेला आधीच बघून ठेवू. साधी गोष्ट. बाकावर बसून बसून दुपार झाली. रक्तपेढीतला माणूस दोनदा बाहेर आला, दोनदा टोचून गेला. शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं. "गट ओ पॉझिटिव्ह. त्यात शंका नाही. पण आमच्याकडे त्या गटाच्या जेवढ्या पिशव्या आहेत, त्यातल्या एकीशीही तुमचं रक्त जुळत नाही. मिसळलं की गुठळ्या होतात."

मी म्हटलं, मग दुसरीकडच्या पिशव्या आणा की!

ते हसले नाहीत. नमुना मुंबईला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार म्हणे.

परतीची एसटी. कसालला मी भजी घेतली आणि सगळी एकटीने खाल्ली. माझं असंच आहे — काळजी करायची वेळ आली की भूक लागते.

१४ ऑगस्ट

सासूबाईंनी वाडीभर केलं. "आमच्या सुनेचा रगात कोणाक जुळणा नाय!" पलीकडची काकी खानावळीत साखर मागायला आली ती हेच धरून. "दर्यावरचा चेडू शेतकऱ्याच्या घरात इला, मगे रगात कसा जुळतला?"

तो दर्यावरचा चेडू, ती पोर, म्हणजे मी. साखर दिली तिला. वर म्हटलं, काकी, हे लग्नाआधी कळलं असतं तरी मी इथेच आले असते. तोंड बघण्यासारखं झालं.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. मालवणात बंदरावर गर्दी असेल. माझं माहेर तिथलं, होड्यांचं नि जाळ्यांचं. इथे धामापुरात भात, काजू आणि तळं. तळ्याच्या वाटेवर माझी खानावळ — देवीला येणारे, तळं बघायला येणारे, सगळे आधी विचारतात, "मासे मिळतील ना?" मिळतात! दर्याकाठच्या बाईच्या हातचे मिळतात.

लवूदादाला राखी नाही. शेतकऱ्याशी लग्न केलं तेव्हापासून नाही. आये आणि धाकटी किशोरी वर्षभरात बोलायला लागल्या. दादा नाही. मांडवातच म्हणाला होता, "आजपासून तुझो-माझो रगताचो संबंध नाय." सात वर्षं झाली. मालवणच्या बाजारात समोरून आला तर रस्ता बदलतो. एवढा धिप्पाड माणूस, बहिणीला बघून गल्लीत शिरतो!

मीही काही त्याच्या मागे धावत नाही.

६ सप्टेंबर

हरताळका. निर्जळी उपास. दरवर्षी मी दुपारपर्यंत लटपटते, आणि दरवर्षी सासूबाई म्हणतात, "वर्साक एकदा उपास, तोय होणा नाय हिका!" या वर्षी पोटात बाळ आहे, करू नको, असं हे म्हणाले. मी म्हटलं, करणार. करून दाखवणार.

दाखवलं. दुपारी न्हाणीघराच्या दारात आडवी!

गंमत अशी की पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी सकाळपासून लघवीला जाणं चालूच. ते पाणी येत कुठून होतं देव जाणे. जीभ लाकडासारखी झाली होती. डोळे उघडले तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर डोकं, आणि त्या तांब्या माझ्या तोंडाला लावून — "पाणी पी आधी. देवीक काय सांगूचा ता मी सांगतंय."

तांब्या रिकामा केला. मग दुसरा.

२१ सप्टेंबर

आज सगळं कळलं. पणजीला गेलो होतो. ओरोसच्या डॉक्टरांनी तिथल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या रक्ताच्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं — वालावलकर मॅडम. मुंबईचा निकाल त्यांच्याकडे आला होता. पन्नाशीच्या असतील. आडनाव ऐकून मी विचारलंच, कुडाळकडच्या ना? "वालावलची," म्हणाल्या. "घाबरू नकात. बसा." तिथेच अर्धी भीती गेली.

त्यांनी कागदावर एक आडवी नळी काढली. ही रक्तवाहिनी. नळीला आतून चपट्या पेशींचं अस्तर असतं, एकीला एक चिकटून. रक्तातलं पाणी शरीरात जायचं आणि परत यायचं तर हे अस्तर ओलांडायला लागतं. ते कसं ओलांडतं, हे म्हणे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं नीट कळत नव्हतं. मग सापडलं — त्या पेशींच्या भिंतीत बारीक दारं असतात, एका प्रथिनाची बनलेली. त्यातून फक्त पाणी जातं, एका ओळीत, एकामागोमाग एक. मीठसुद्धा जात नाही! या शोधाला दोन वर्षांपूर्वी नोबेल मिळालं. रक्ताच्या तांबड्या पेशींवर तेच प्रथिन, फुप्फुसातल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तेच.

"तुमच्याकडे ते नाही," मॅडम म्हणाल्या.

कमी आहे?

"नाहीच. जन्मापासून. जगात अशी मोजकीच घराणी नोंदलेली आहेत."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आत्ता विरघळणार! मी विचारलं, मग मी जिवंत कशी? माझ्यातलं पाणी येतं-जातं कुठून?

मॅडमना प्रश्न आवडला. म्हणाल्या, दोन पेशींच्या मधे फटी असतात, त्यातून जातं. पेशीच्या भिंतीतूनही थोडं झिरपतं. रोजच्या जगण्याला तेवढं पुरतं. पण पाणी भराभर हलवायची वेळ आली की ही दारं लागतात. पाणी मिळालं नाही की मूत्रपिंडानं पाणी ओढून धरायचं असतं, तेव्हा लागतात. तुमचं तिथे अडत असेल.

हरताळका! मी टेबलावर हातच मारला. उपास झेपत नाही तो माझ्या मनाचा कच्चेपणा नव्हे! सासूबाईंना सांगायला हवं.

मग मॅडम गंभीर झाल्या. आरोहीच्या वेळी लावलेल्या पिशवीत ते प्रथिन होतं, सगळ्यांच्या रक्तात असतं तसं. माझ्या शरीरानं ते कधी पाहिलेलं नव्हतं. परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली — शाळेच्या पुस्तकातला शब्द, आज कामाला आला. कोणाचा दोष नाही, तेव्हा कोणाला कळण्याचा मार्गच नव्हता. पण आता कोणाचंही रक्त दिलं तर माझं शरीर ते फोडून टाकणार. आणि बाळानं ह्यांच्याकडून ते प्रथिन घेतलेलंच असणार. म्हणजे माझी प्रतिपिंडं बाळाच्या रक्तालाही त्रास देऊ शकतात. दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी.

मी म्हटलं, बरं. करू.

२२ सप्टेंबर

सासूबाईंना कागदावर नळी काढून दाखवली. बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे हेच्यात दारा नाय?" नाहीत. "मगे पाणी खंयसून जाता?" फटीतून. "बरा झाला फटी ठेवल्यान देवान."

आता वाडीभर हे सांगतायत!

२९ सप्टेंबर

सोनोग्राफी. बाळ छान. पण वार, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, खाली आहे, बाळाच्या वाटेवरच. वर सरकली नाही तर ऑपरेशन, आणि अशा ऑपरेशनात रक्त जातं. मॅडम लपवत नाहीत काही, ते मला आवडतं. सरळ म्हणाल्या, "तुम्हाला रक्त लागण्याची शक्यता बरीच आहे आणि तुम्हाला चालणारं रक्त माझ्याकडे नाही."

मग उपाय. एक, माझंच रक्त आधी काढून ठेवायचं. पिशवी साधारण पाच आठवडे टिकते, म्हणून शेवटच्या दिवसांत काढायचं. त्यासाठी अंगात रक्त भरपूर हवं. दोन, सख्खी भावंडं. "आईवडील नात्यातले का?" त्यांनी विचारलं. हो! आये बाबांच्या मामाची मुलगी. मग प्रत्येक भावंडाचं रक्त माझ्यासारखं असण्याची शक्यता चारात एक.

दोन भावंडं. किशोरी, आणि तो.

परत येताना हे म्हणाले, "लवूक मी जावन सांगू?" मी म्हटलं, नको. आधी किशोरी.

८ ऑक्टोबर

किशोरी कुणकेश्वरहून आली, पणजीला जाऊन रक्त देऊन गेली. येताना वाटेभर बडबड. तिचं आपलं ठरलेलं — "माझाच जुळतला, बघ तू!"

१५ ऑक्टोबर

नाही जुळलं. फोनवर किशोरीच रडली, मी नाही. मी बांगडे साफ करत होते. पुण्याची दहा माणसं जेवायला यायची होती.

१८ ऑक्टोबर

आये आली. पिशवीभर तिसऱ्या, त्या शिंपल्या, घेऊन — "रगात वाढता हेच्यान, खा." दादाला तिने सांगितलंय. "तेका मी सांगलंय. तो काय बोलणा नाय. होडी घेवन गेलो." दोनदा सांगितलं, दोनदा होडी घेऊन गेला.

आये जाताना पदराने डोळे पुसत होती. मला राग आला. खरोखरचा. बहिणीचा जीव जातोय आणि हा मान धरून बसलाय!

१९ ऑक्टोबर

उद्या मालवणला जाते. मीच.

२० ऑक्टोबर

किती हसू आणि किती रडू, असा दिवस.

सकाळी बंदरावरच गाठलं त्याला. वाळूत बसून जाळं सांधत होता. मला बघून उठलाच. मी म्हटलं, दादा, आज पळालास तर मी या पोटासकट तुझ्या मागे धावीन, सगळं बंदर बघेल. बसला.

सात वर्षांत जे बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं. तुझ्या त्या रक्ताच्या संबंधाचं काय ते बोल आता! मला तुझा मान नको, तुझी माया नको, एक छोटी बाटली रक्त दे, मग पुन्हा गल्लीत शीर. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेजारची माणसं उठून लांब गेली.

मग एकदम म्हणाला, "माका सुयेची भीती वाटता."

मला कळेचना. काय?

"सुयेची. लहानपणापासून. हसू नको. भायर खंय बोललंस तर बघ."

हा माणूस वादळात एकट्याने होडी परत आणतो! मी हसले. खूप हसले, पोट धरून. मग रडायलाच लागले. तोही. म्हणाला, आयेने पहिल्यांदा सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पणजीच्या गाडीत बसला होता. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला. लाजेनं कोणाला बोलला नाही. आणि आधीच्या सात वर्षांचं? "ता माझा चुकला," एवढंच. त्याच्यासारख्याला एवढंच पुष्कळ.

वहिनीने माशाची कढी आणि भात वाढला. त्या घरात सात वर्षांनी जेवले.

२४ ऑक्टोबर

दादाला पणजीला नेलं. एका बाजूला मी, एका बाजूला हे. सुई टोचली तेव्हा दादाने ह्यांचा हात इतका दाबला की बोटं सुजली आहेत. "हरिश्चंद्रा, सोडू नको रे," म्हणत होता. ज्या मेव्हण्याचं नाव कधी घेतलं नाही, त्याचं!

नंतर चक्कर आलीच. मॅडमनी स्वतः लिंबूपाणी दिलं.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. निकाल कालच आला. दादाचंही जुळत नाही.

त्याला सांगायला मालवणला फोन केला. "मगे माझा काय उपयोग?" मी म्हटलं, दादा, तू आलास ना. म्हणाला, "ऑपरेशनाक मी थयसर येवन बसतलंय. रगात नाय तर नाय."

म्हणजे आता माझं मीच. ठीक आहे. दिव्यांत तेल घातलं, आरोहीने फुलबाज्या लावल्या. बाळ जोरजोरात लाथा मारतंय.

१३ नोव्हेंबर

खाते आहे. तिसऱ्या, नाचणी, अळू, काळे वाटाणे. मॅडमनी लोहाची इंजेक्शनंही चालू केली आहेत. सासूबाई रोज सकाळी माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघतात. "लाल दिसता" म्हणाल्या की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं.

२ डिसेंबर

वार हलली नाही. ऑपरेशन नक्की. जानेवारीत.

बाळाचं बघितलं — मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला वेग मोजतात, त्यावरून रक्त कमी आहे का कळतं. थोडं कमी असावं, असं म्हणाल्या. थोडं. मी तो शब्द धरून ठेवलाय.

२८ डिसेंबर

पहिली पिशवी काढली. खुर्चीत पडून बघत होते. माझं रक्त, दिसायला इतरांसारखंच. लालभडक. मॅडमनी पिशवीवर माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, खाली धामापूर पण लिहा! लिहिलं त्यांनी.

८ जानेवारी २००६

दुसरी पण काढली. तिसरी नाही काढणार — माझं स्वतःचं कमी करून चालणार नाही. दोन पिशव्यांत भागवायचं.

आज गाडीत पहिल्यांदा वाटलं, नाही भागलं तर? आरोही सहा वर्षांची. सासूबाईंनंतर तिला वेणी घालता येते कोणाला या घरात? ह्यांना तर नाहीच. घरी आल्यावर ह्यांना बसवलं आणि शिकवली. वाकडी घातली, पण घातली.

१७ जानेवारी

पणजी. उद्या सकाळी. सासूबाई, आये, हे, दादा — सगळे खाली बाकावर बसलेत. सासूबाई आणि आये पहिल्यांदा एका डब्यातून जेवल्या. मला झोप येते आहे. खरंच येते आहे.

२१ जानेवारी

आता पेन धरता येतंय. घडलं तसं लिहिते.

पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचं सगळं बधिर. जागी होते. हिरव्या पडद्याच्या अलीकडे माझ्या डोक्याशी वालावलकर मॅडम. त्यांचं तिथे काम नव्हतं, तरी आल्या होत्या. बाळ काढलं. रडली. मुलगी! एक क्षण दाखवली — फिकट, पिवळसर, आणि रागावलेली. अगदी माझ्यासारखी.

मग पडद्यापलीकडचं बोलणं बदललं. छोटी छोटी वाक्यं. रक्त थांबत नव्हतं. कान वाजायला लागले, थंडी भरली. माझी पहिली पिशवी लावली. नळीतून माझंच रक्त माझ्याकडे परत येताना बघत होते. थंडी थोडी कमी झाली. रक्त जाणं कमी झालं, थांबलं नाही.

तेवढ्यात लहान मुलांचे डॉक्टर आले, मॅडमच्या कानात बोलले. मी म्हटलं, मला सांगा. मॅडमनी सांगितलं. बाळाच्या अंगात रक्त बरंच कमी आहे, द्यावं लागेल. पण तिच्या रक्तात माझी प्रतिपिंडं उतरली आहेत. दुसऱ्या कोणाचं दिलं तर तेही फुटेल. तिलाही बिनदाराचंच लागेल. माझं. आणि माझी एकच पिशवी उरलेली.

मी म्हटलं, तिला द्या.

"तिला थोडंसंच लागेल. पण धुऊन, वेगळं करून द्यावं लागतं. पिशवी तिच्यासाठी उघडली की तुम्हाला मिळेलच असं नाही."

तिला द्या.

मॅडम वाकल्या. त्यांचा चेहरा अगदी जवळ. मालवणीत म्हणाल्या, "आयक. धा मिनिटा मी वाट बघतंय. रगात थांबला तर पिशवी तिची. नाय थांबला तर मी तुझा आयकूचंय नाय."

दहा मिनिटं. मी काय केलं त्यात? देवाचं नाव घेतलं नाही. खानावळीच्या चुलीचा विचार केला. सोमवारी गॅस संपतो, सांगायचं राहिलं, ह्यांना लक्षात राहील का. दात वाजत होते. आतल्या डॉक्टर बाई कुणाला तरी म्हणाल्या, "धर, सोडू नको, आणखी एक टाका." मग बराच वेळ काही नाही. मग त्याच म्हणाल्या, "थांबलं."

मॅडमनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि त्या पिशवी घेऊन स्वतः धावत गेल्या. पन्नाशीची बाई, सपाता फटफटत!

संध्याकाळी हे आले. डोळे लाल. "गुलाबी झाली गो." एवढंच म्हणाले.

२६ जानेवारी

घरी नाही अजून. तिला निळ्या उजेडाखाली ठेवलंय, कावीळ उतरते आहे. दादा रोज काचेबाहेर उभा राहतो. नर्स म्हणाली, "ते कोण? आजोबा?" दाढी वाढलीय त्याची. मी म्हटलं, मामा.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कुणकेश्वरला किशोरीकडे. जत्रेची केवढी गर्दी, आणि दादा रियाला छातीशी धरून त्या गर्दीतून चाललाय, कोणाचा धक्का लागला तर खेकसतोय. हो, रिया. आरोहीने ठेवलं नाव. सासूबाईंना उच्चारता येत नाही, त्या "रेया" म्हणतात.

पाणी भरपूर पिते आहे. उपास? पाणी पिऊन! सासूबाईंचाच हुकूम.

११ नोव्हेंबर २००६

पणजीहून आले. मॅडमनी विचारलं होतं — बळजबरी नाही, पण तुमच्यासारखं माणूस मिळत नाही, थोड्या तपासण्या कराल का? मी म्हटलं, तुम्ही धावलात, मी आडवी पडून राहायचं एवढंच ना? करते.

आधी एक दिवस पाणी बंद. हॉस्पिटलात, त्यांच्या नजरेसमोर. पुन्हा तेच — जीभ लाकूड, आणि लघवी पाण्यासारखी. इतरांची अशा वेळी घट्ट पिवळी होते म्हणे. आता हे कागदावर आलं. हरताळकेचा खटला जिंकले!

दुसऱ्या दिवशी पोटभर पाणी पाजून, मग भराभर सलाईन देऊन फुप्फुसांचे फोटो काढले, आधी आणि नंतर. मॅडमबरोबर काम करणाऱ्या एका मुलीचेही तसेच काढले होते, तुलनेला. दोन्ही शेजारी लावून दाखवले. सलाईन घेतल्यावर रक्तवाहिन्या दोघींच्याही फुगल्या, सारख्याच. पण तिच्या श्वासाच्या बारीक वाटांच्या भिंती जाड झाल्या — रक्तवाहिनीच्या अस्तरातून पाणी भराभर बाहेर आलं, तिथे साचलं. माझ्या भिंती होत्या तशाच! अस्तराला दारंच नाहीत, तर पाणी घाईनं येणार कुठून?

"म्हणजे माझं बरंच झालं की," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. "इथे बरं, तहानेत वाईट. उद्या फुप्फुसात पाणी भरणाऱ्या एखाद्या माणसासाठी ही दारं थोडा वेळ बंद करता आली तर उपयोग होईल का — कोणाला ठाऊक. मला तरी आज सांगता येत नाही. पण हा प्रश्न आता तुमच्या फोटोतून विचारता येतो."

माझ्या फुप्फुसांच्या फोटोतून! हे सगळ्या वाटेने एकच म्हणत होते, "शास्त्रज्ञीण झालंस मगे." होय तर!

३ जानेवारी २००७

पर्यटक फार. लिहायला वेळ नाही. रिया चालते. चुलीकडेच येते.

१९ एप्रिल २००७

सकाळी मॅडमचा फोन. चेन्नईजवळ एक बाई आहे. एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, पोटात दुखापत झालीय. तिचं रक्त कोणाशी जुळत नाही. तिलाही दारं नाहीत. भावंड एकही नाही. स्वतःचं काढून ठेवायला आता वेळ नाही. मुंबईच्या लोकांनी सगळ्या नोंदी बघितल्या, आणि सबंध देशात एकच नाव निघालं.

धामापूर!

सासूबाईंनी शिरा केला, समोर बसून खायला लावला. दादाचा माशांचा टेम्पो दारात उभा आहे. पणजीला जाऊन रक्त काढायचं आणि संध्याकाळच्या विमानात माझी पिशवी चढवायची आहे. निघते.